वरचा थर

अकोटाहून अंजनगाव सुर्जीकडे निघालं की दोन कोसांवर नदीकाठी एक गाव लागायचं. सन अठराशे चौसष्टच्या सुमाराला तिथं चंद्रभान नावाचा कुणबी राहत होता. घरची काळी जमीन, दोन बैलजोड्या, एक म्हैस, बायको पार्वताबाई आणि नऊ वर्षांची एकुलती एक पोर गिरजा, एवढा त्याचा संसार.

पार्वताबाईच्या हाताला कापूस कळतो, असं आसपासच्या चार गावांत बोललं जायचं. रुईची चिमूट घेऊन ती दोन अंगठ्यांमध्ये हळूच ताणायची, आणि तुटायच्या आत सांगायची की ही कोणत्या शेतातली, कितव्या वेच्याची. सरकी काढायच्या रेच्यावर बसली की सरकी एकीकडे, रुई एकीकडे. पालापाचोळा नाही, काडी नाही, पिवळी किडकी कवडी तर नाहीच. अमरावतीच्या बाजारात एका मोठ्या अडतीवर रामराव नावाचे वयस्क कारकून माल पारखायला बसत. गाडी आली की ते विचारत, "पार्वताबाईचा माल का?" हो म्हटलं की गठ्ठा न फोडता काट्यावर चढायचा. नांगर चंद्रभानचा, शेत चंद्रभानचं, पण बाजारात माल बायकोच्या नावानं ओळखला जायचा. चंद्रभानला त्याचं वाईट वाटत नसे. निदान तो तसं बोलून दाखवत नसे.

माणूस मोकळा होता. हसला की तीन घरं सोडून ऐकू जायचं. दारात आलेल्याला भाकर दिल्याशिवाय सोडायचा नाही, कारण लहानपणी त्यानं स्वतः रानातल्या तरोट्याची भाजी उकडून खाऊन दुष्काळ काढला होता. ती भूक त्याच्या अंगातून कधी गेली नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ शोधायचं तर तिथं शोधावं, असं पार्वताबाईला नंतर वाटायचं. पण मूळ सापडलं म्हणून दुखणं बरं होत नाही.

त्या दिवसांत समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडकला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई कोणाची आणि कशासाठी, हे अकोटच्या बाजारात कोणाला नीट ठाऊक नव्हतं. ती चालू राहावी एवढंच जो तो म्हणायचा. काल पायी चालणारा आज घोड्यावर दिसायचा. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली. चंद्रभाननं आषाढात झाडून सगळ्या शेतात कापूस पेरायला काढला.

"नदीकडची पट्टी तरी जवारीले ठेवा," पार्वताबाई म्हणाली.

"जवारी काय, इकत भेटते."

"आन नाई भेटली तं? कापूस का शिजवून खाता?"

"तुले भ्यायची सवयच हाय," तो हसला. "पेवात मागची जवारी हाय ना. ते सरेपर्यंत आपन दुसरं पेव भरू."

खरं सांगायचं तर तिलाही मोह होताच. गिरजासाठी अंजनगावच्या नत्थुजींच्या घरचं स्थळ चालून आलं होतं. मोठं घर, चार भावांची एकत्र शेती, मुलगा शांत. अशा घरी पोर द्यायची तर हात आखडून चालणार नव्हतं. ज्वारीच्या पट्टीवर पोरीचं नशीब उभं राहत नाही, हे तिलाही कळत होतं.

कापूस असा फुटला की दिवाळीत शेतं दुरून दह्यासारखी दिसायची. पहिल्या वेच्याचा माल हातोहात गेला. चंद्रभाननं तिच्यासाठी सोन्याची एकदाणी आणली आणि भर ओसरीवर, शेजारणींच्या देखत, स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातली. चौदा वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. ती लाजली, रागावली, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना पदर थोडा मागं सारून गेली. कार्तिकात गिरजाचं साक्षगंध झालं. नत्थुजींनी पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं, "आमी सोनंनानं पाह्यलं नाई, घर पाह्यलं. या माउलीच्या हातचा कापूस जसा, तशी हिची पोर असन." लग्न वैशाखात करायचं ठरलं.

ते चार महिने त्यांच्या संसारातले सगळ्यांत गोड. पार्वताबाईनं पुढं आयुष्यभर ते आठवणं टाळलं.

माघात शेवटच्या वेच्याचा कापूस घरात आला. हा वेचा नेहमीच कमसर असतो, त्यात अवकाळी पडून गेलेला. बोंडं अर्धवट उमललेली, रुई आखूड. एका सकाळी पार्वताबाई नदीवरून धुणं घेऊन आली तर अंगणात चटईवर रुई पसरलेली, बाजूला पाण्याची घागर, आणि चंद्रभान ओंजळीनं पाणी शिंपडतोय. लग्नाच्या मांडवात गुलाबपाणी शिंपडावं तसं, अगदी निवांत.

तिनं धुण्याची पाटी खाली ठेवली. "हे काय करून राहिले?"

"वजनाले जरा बरं."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकच करून राहिले. अकोटात कोन करत नाई ते सांग मले. कोनी पानी मारते, कोनी सरकी घालते, कोनी वाळू. आपनच तेवढे हरिश्चंद्र कावून?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "वैशाख तोंडावर आला, गिरजाची माय. नत्थुजीच्या वऱ्हाडाले भाकर-पिठलं वाढायचं काय?"

त्यानं तिच्याकडं न पाहता पुढचं सांगितलं. "वरचा थर तू भर. चांगल्या रुईचा. तुह्या हातचा थर दिसला की रामराव खाली हात घालत नाई."

पार्वताबाई घरात गेली. गिरजाच्या गाद्यांसाठी तिनं पहिल्या वेच्याची रुई राखून ठेवली होती. ती तिनं बाहेर आणली आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या तोंडाशी वीतभर थर नीट पसरून भरला. कोणी तिचा हात धरून भरायला लावलं नाही. भरताना तिच्या मनात लग्नाचा मांडव होता.

अमरावतीला दोघंही गेली, कारण माल देऊन तिथंच लग्नाची लुगडी घ्यायची होती. गिरजाला शेजारी ठेवलं. गाडीचा प्रवास तीन दिवसांचा. दुसऱ्या दिवसापासूनच पार्वताबाईला वास येऊ लागला, आंबट, ओल्या घोंगडीसारखा. तिनं गठ्ठ्याला हात लावला तर ताप आलेल्या पोराच्या पोटासारखा गरम. ओली रुई दाबून भरली की आतल्या आत तापते, हे तिला माहीत होतं. चंद्रभानला ती म्हणाली, "परत फिरू." तो म्हणाला, "अर्ध्या वाटेतून?" आणि त्यानं बैलांना हाकललं.

अडतीच्या अंगणात त्या दिवशी पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. एकीकडे रुई निवडणाऱ्या बाया बसल्या होत्या. रामरावांनी ओळखून हात केला. "या बाई. बऱ्याच दिवसांनी स्वतः आलात." वरचा थर पाहून त्यांनी मान डोलावली आणि गठ्ठा काट्याकडे न्यायला सांगितला. हमालानं गठ्ठा पाठीवर घेतला आणि लगेच खाली टाकला.

"भाऊसाहेब, हे तं शेकून राह्यलं," तो म्हणाला.

रामराव उठले. त्यांनी बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर रुई बाहेर काढली. पिवळी पडलेली, चिकट, वाफ निघणारी. त्यांनी ती मूठ उन्हात धरली आणि पार्वताबाईकडं पाहिलं. आजूबाजूचे गाडीवान गोळा झाले. भेसळीचा माल आणणाऱ्याला शिपाई धरून नेतात, अशी त्या वर्षी बोलवा होती. कोणीतरी तसं बोललंही.

"हे कोणी केलं?" रामरावांनी चंद्रभानला विचारलं.

चंद्रभानची नजर गाड्यांवरून, माणसांवरून फिरली आणि बायकोवर येऊन थांबली. "माल तं हेच भरते, रावसाहेब," तो म्हणाला. "साऱ्या बाजाराले ठाऊक हाय. मी नांगरधारी मानूस. मले का माईत इनं काय केलं ते?"

पार्वताबाईला वाटलं, आता जमीन फाटेल. ती फाटली नाही. तिच्या तोंडाशी शब्द आले होते. पण तिला हेही दिसत होतं की बाप्या माणसाला हे लोक सोडणार नाहीत. बाई म्हटल्यावर दोन शब्द ऐकवून सोडतील. वैशाखात कन्यादानाला बाप लागतो. आणि वरचा थर कोणी भरला, असं कोणी विचारलं असतं तर तिच्याकडं काय उत्तर होतं? ती खाली मान घालून उभी राहिली.

"बाई, तुम्ही?" रामराव म्हणाले. फार हळू म्हणाले. मग हमालांकडं वळून, "रिकामे करा सगळे. बाईमाणूस आहे, म्हणून एवढ्यावर सोडतो. पुन्हा हा माल या अंगणात नको."

एकेक गठ्ठा फोडून धुळीत ओतला गेला. निवडणाऱ्या बायांपैकी एक हसली. दुसरी म्हणाली, "माय व, हेच काय ते पार्वताबाई?" परतीची वाटही तीन दिवसांची. तिसऱ्या दिवशी गाव दिसू लागल्यावर चंद्रभान म्हणाला, "तू बोलली नाईस, बरं केलंस. तुहे उपकार हायेत माह्यावर." एवढंच. ती त्यावरही समाधान मानायला तयार होती. दोघांमध्ये तरी खरं काय ते राहिलं, असं तिला वाटलं.

गाडीवानांच्या तोंडून गोष्ट त्यांच्या आधीच अकोटात पोचली होती आणि अकोटाहून अंजनगावला. होळीच्या चार दिवस आधी नत्थुजी आले. पाणी घेतलं, गूळ घेतला नाही. बराच वेळ बैलांचं, पाण्याचं बोलले. शेवटी म्हणाले, "चंद्रभानजी, तुमचा दोष नाई. पन पोर मायच्या हाताखाली वाढते. आमच्या घरच्या बाया आयकत नाईत."

पार्वताबाई दाराआड उभी होती. आता हा सांगेल, असं तिला वाटलं. बाजारात भीती होती. इथं घरच्या ओसरीवर, पोरीच्या सुखाचा प्रश्न असताना, हा सांगेल.

चंद्रभान उठला, दारापाशी आला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाह्यलं? तुह्यापाई पोरीचं नशीब फुटलं." नत्थुजी त्याला आवरायला उठले. त्यांच्या डोळ्यांत चंद्रभानविषयी कीव होती. ती कीव त्याला आवडली, हे तिनं दाराआडून पाहिलं.

गिरजाला कोणी काही समजावलं नाही. तिच्या हातातल्या साक्षगंधाच्या बांगड्या काढून परत पाठवल्या, तेव्हा ती रडली आणि मग गोट्या खेळायला गेली.

वैशाख कोरडाच गेला. जेठात बातमी आली की लढाई थांबली. पंधरा दिवसांत कापसाचे भाव असे कोसळले की अकोटच्या बाजारात भरल्या गाड्या उभ्या राहिल्या आणि कोणी विचारीना. ज्यांनी घोडे घेतले होते त्यांनी घोडे विकायला काढले, पण घ्यायला कोणी नव्हतं. एकदाणीही गेली. चंद्रभाननं ती गळ्यात घातली होती शेजारणींच्या देखत, काढून घेताना दार लावलं. आणि ज्वारी? गावोगाव सगळ्यांनीच कापूस पेरला होता. हातात पैसा घेऊन माणसं बाजारात ज्वारी शोधत फिरली. पेवाचा तळ लागला तेव्हा खालची ज्वारी काळी पडलेली निघाली. पार्वताबाईनं ती सात पाण्यांनी धुतली, वाळवली, दळली. भाकरी कडूच झाली.

तिनं "मी सांगतलं होतं" असं म्हटलं नाही. पण न म्हणताही ते घरात फिरत राहिलं. चंद्रभानचं हसणं बंद झालं. तो पारावर बसायचा आणि कोणीही विचारलं, न विचारलं तरी सांगायचा: सगळं बरं चाललं होतं, बायकोच्या अंगात लोभ शिरला. प्रत्येक वेळी गोष्टीत एखादी नवी बारीक गोष्ट यायची. घागर पितळेची होती. मी म्हटलं, नको करू. तिनं ऐकलं नाही. लोक माना हलवायचे.

एके दुपारी ताटातली भाकर तोंडात घालून त्यानं ती थुंकून टाकली. "तुह्या हाताची बरकतच गेली," तो म्हणाला.

"माह्या हाताची?" ती म्हणाली. "पानी कोन्या हातानं मारलं होतं?"

त्यानं ताटच उचलून तिच्या अंगावर फेकलं. काठ भुवईवर लागला, रक्त आलं. गिरजा कोपऱ्यात उभी होती. पार्वताबाईनं जखमेत हळद भरली, पोरीचा हात धरला आणि भावाच्या गावाची वाट धरली.

भाऊ किसनराव रिद्धपुराजवळ राहायचा. घर महानुभाव पंथाचं, शांत. कोणी आवाज चढवत नसे. पहिले पंधरा दिवस भावजयीनं तिला काम करू दिलं नाही. मग करू दिलं. मग ज्वारी तिकडंही कमी पडली आणि भाकरी वाढताना भावजयीचा हात टोपल्यात थोडा थांबू लागला. तो थांबलेला हात पार्वताबाईला दिसायचा. ती स्वतः अर्धी खायची, गिरजाला पुरी द्यायची.

पोळा झाल्यावर चंद्रभान आला. तापानं खंगलेला, दाढी वाढलेली. बैलांची एक जोडी गेली होती, म्हैस आटली होती. तो ओसरीच्या कडेवर बसला आणि रडला. "चाल घरी," म्हणाला. "माह्यानं एकट्यानं नाई होत."

तिलाही भरून आलं. माणूस वाईट नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? ती म्हणाली, "येतो मी. बाजारात काय बोलले, ते सोडलं. नत्थुजीपुढं बोलले, तेबी सोडलं. फकत माह्या भावासमोर एकडाव खरं सांगा. पानी कोनं मारलं?"

चंद्रभाननं डोळे पुसले आणि तिच्याकडं पाहिलं. "तूच नाई का? चटईवर बसली होतीस घागर घेऊन. मी नदीवरून बैल पाजून आलो, तं तुहं चाललंच होतं. मी म्हटलं, नको व असं करू. तू म्हनाली, वैशाख तोंडावर आला." तो थांबला. "जाऊ दे ना. मी माफ केलं तुले कवाच."

पार्वताबाई त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली. खोटं बोलताना त्याची नजर कशी सरकते, ते चौदा वर्षांत तिला पाठ झालं होतं. नजर सरकली नाही. त्याच्या मनात ते तसंच घडलेलं होतं. नदीवरून तो आला होता, घागर तिच्या हातात होती. तिच्या तोंडचं, त्याच्या तोंडचं, सगळं त्यानं अदलूनबदलून घेतलं होतं आणि आता ते त्याचंच झालं होतं. खोटारड्याशी भांडता आलं असतं. याच्याशी काय भांडणार?

बाजूला बसलेला किसनराव हलकेच म्हणाला, "पार्वता, तो माफ म्हनते, तं तूबी तानू नको."

ती आत गेली, बोचकं बांधलं, गिरजाला हाक मारली. भावजयीनं वाटेसाठी चार भाकरी बांधून दिल्या आणि बऱ्याच दिवसांनी मोकळेपणानं हसली.

त्यानंतर ती रेच्यावर बसली नाही. चंद्रभाननंही आग्रह केला नाही. पुढं सरकी काढायचे कारखाने आले आणि घरचे रेचे तसेही पडून राहिले. तो पूर्ववत हसू लागला. पुढच्या साली ज्वारी चांगली झाली. दोघं एका ताटात जेवली नाहीत, पण एका घरात जेवली. दोन वर्षांनी गिरजाचं लग्न अकोल्याच्या एका बिजवराशी झालं. नवरा तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा, पहिलीचं एक पोर. याहून बरं स्थळ सांगून आलं नाही.

गिरजाच्या दुसऱ्या बाळंतपणाला पार्वताबाई अकोल्याला गेली होती. गिरजा तेव्हा वीसेक वर्षांची, थकलेली, रोडावलेली. सावत्र मुलगा दिवसभर तिला उलट बोलायचा. एका सकाळी पोरीच्या पायांना तेल चोळता चोळता पार्वताबाईनं सगळं सांगितलं. अंगण, घागर, नदीवरून आणलेलं धुणं, अमरावती. वरचा थर आपण भरला, हेही लपवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते कोणाला सांगितलं. सांगून झाल्यावर तिचे हात थांबले. ती वाट पाहत होती.

गिरजानं कूस बदलून बाळाला जवळ घेतलं.

"आई, पानी तू मारलं असन, नाईतं बाबानं मारलं असन," ती म्हणाली. "लगन तं माहं मोडलं ना?"

पार्वताबाईनं तेलाची वाटी उचलली. गिरजानं दुसरा पाय पुढं केला, आणि पार्वताबाई तो चोळू लागली.